साठ पोटं आणि एक फट

मित्रांनो, माझ्या अंगाला भोकं किती, हे मला विचारू नका. मोजायला बसलात तर तुमची अख्खी सुट्टी संपेल. मी चाळण आहे. वयाने जुनी, कड्याने पितळी आणि स्वभावाने जराशी गर्विष्ठ. स्वयंपाकघरातल्या पिठाच्या चाळणीशी कुणी माझी तुलना केली की मला राग येतो. ती बिचारी जन्मभर कोंडा अडवते. मी माशांच्या पोटातली गुपितं अडवत आले. एकदा मात्र ती माझ्याच हातून सांडली, आणि आज मी तुम्हाला तेच सांगणार आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे केसाएवढ्या बारीक तारांची जाळी विणली जात असे. माझं प्रत्येक भोक अर्ध्या मिलिमीटरचं, तसूभरही कमी-जास्त नाही. एका जाड चष्म्याच्या तपासनिसाने मला उजेडात धरून, उलटसुलट करून पाहिलं आणि माझ्या कड्यावर क्रमांक ठोकला. त्या ठोक्याने मला दिवसभर झिणझिण्या आल्या होत्या, पण अभिमानही वाटला होता.

आम्ही तिघी बहिणी एकाच खोक्यातून निघालो. थोरलीची भोकं वाटाण्याएवढी, मधलीची मोहरीएवढी आणि धाकटी मी. कामाला लागलो की आम्ही एकीखाली एक बसायचो. थोरलीतून सुटलेलं मधली धरायची, मधलीतून सुटलेलं मी. माझ्यानंतर कुणीच नव्हतं. माझ्यानंतर थेट मोरी. थोडक्यात, घरातल्या शेंडेफळाचे जेवढे लाड तेवढीच जबाबदारीही माझ्याच गळ्यात.

आमचं घर म्हणजे समुद्राकाठची एक छोटी प्रयोगशाळा. दोनच खोल्या. बाहेरच्या खोलीत बाईंचं टेबल आणि सूक्ष्मदर्शक. आतल्या खोलीत दगडी मोरी, नळ आणि मामा. बाई समुद्रातल्या जिवांचा अभ्यास करत. मामा धुण्या-चाळण्याचं काम करत. प्रयोगशाळेतले आणि बाहेरचेही सगळे त्यांना मामाच म्हणत, पण त्यांना सख्खा भाचा एकही नव्हता. कदाचित म्हणूनच ते आम्हाला भाच्यांसारखं जपत. दर शनिवारी लिंबाची फोड घेऊन माझं कडं घासत आणि त्यात स्वतःच्या मिशा दिसल्या की मगच थांबत.

सुरुवातीच्या वर्षांत मामा रोज सकाळी मला खिडकीसमोर धरून जाळी बघत. पुढे त्या खिडकीपुढे एक भलंमोठं लोखंडी कपाट आलं. उजेड गेला आणि उजेडाबरोबर ती सवयही गेली. कपाटाला मी दोष देत नाही. त्यालाही कुठेतरी उभं राहायचंच होतं.

आता कामाचं सांगते. आमच्या किनाऱ्याजवळ उथळ पाण्यात गवताचं एक कुरण होतं. होय मित्रांनो, समुद्रातही गवत असतं, आणि शेवाळापेक्षा ते वेगळं असतं. त्याला मुळं असतात, पानं असतात, फुलंसुद्धा येतात. त्या पानांच्या आडोशाला कोळंबी, खेकडे, गोगलगाई, नळीसारख्या तोंडाचे मासे असे कितीतरी जीव राहत. कोण कोणाला खातं, हा बाईंचा प्रश्न होता. हे माशांना विचारून कळत नाही. मासे दिवसभर तोंड उघडतात आणि मिटतात, पण त्यातून एक शब्द बाहेर येईल तर शपथ! त्यामुळे त्यांचं पोट उघडावं लागे. पोटातला लगदा धुतल्याशिवाय ओळखू येत नसे, म्हणून मी.

पकडलेले मासे बर्फात ठेवून आणले जात. मामा नळाची धार काडीएवढी बारीक ठेवत, चमच्याने लगदा वर घालत आणि मला डावीकडे कलती धरून सगळा ऐवज एका कडेला जमवत. मग पांढऱ्या ट्रेमध्ये उपडा करत. कुणाचा पाय, कुणाची मिशी, कुणाचं अर्धं कवच. बाई ते बघून सांगत, हा अमुक, हा तमुक. भिंतीवर त्यांनी एक मोठा तक्ता काढला होता. खाल्ला जाणाऱ्याकडून खाणाऱ्याकडे बाण. होडीवाल्या काकूंनी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्या तोंडाला पदर लावून हसल्या होत्या.

"अहो बाई, गवत गोगलगाईला खातं होय?"

"उलटं आहे काकू. घास ज्याच्या तोंडी जातो त्याच्याकडे बाणाचं टोक."

"असं होय! मग आमच्या घरातले सगळे बाण धाकट्या दिराकडे काढा."

या काकू स्वतःची होडी वल्हवत, आम्हाला मासे आणून देत आणि ओहोटीला त्याच कुरणात खेकडे पकडत. त्यांचं घर त्या खेकड्यांवर चालत होतं.

आणि तेच कुरण आजारी पडलं. पानांवर तपकिरी, बुळबुळीत थर चढू लागला. त्या थराखाली पानांना ऊन मिळेना, ती पिवळी पडून गळू लागली. खेकडे कमी झाले. मच्छीमारांच्या संस्थेत बैठक झाली. संस्थेचे अध्यक्ष आवाजाने इतके दणकट होते की पाठीमागे सगळे त्यांना भोंगा म्हणत. त्यांनी पानांवर हजारो पिटुकले, कुबडे, टुणटुण उड्या मारणारे जीव पाहिले होते. त्या जिवांना मच्छीमार पाण्यातल्या पिसवा म्हणतात. अध्यक्षांच्या मेव्हण्याची भाजीची शेती होती. झालं! अध्यक्षांनी निकाल देऊन टाकला: गवताला कीड लागली आहे. कोबीवर मारतात तेच औषध कुरणात ओतायचं. त्यांनी ते आणूनही ठेवलं, संस्थेच्या शेडमध्ये, चार पिंप भरून.

बाई बैठकीला धावल्या. काय घडलं ते परत आल्यावर काकूंनी मामांना साभिनय सांगितलं, म्हणून मला ठाऊक. बाईंनी दोन बरण्या नेल्या होत्या. दोन्हींत थर चढलेली पानं, पण एकीत पिसवा सोडलेल्या. पिसवांच्या बरणीतली पानं स्वच्छ हिरवी झाली होती. पिसवा पान खात नव्हत्या, पानावरचा थर खात होत्या. त्या गवताची कीड नसून गवताच्या मोलकरणी होत्या! शिवाय ते औषध कोळंबी आणि खेकड्यांनाही मारेल, कारण ते पिसवांचे जवळचे नातलग, असंही बाईंनी सांगितलं.

पण अध्यक्ष काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. ते म्हणाले, "बरणीत कोणीही शहाणं वागतं. समुद्रात एवढ्या मोलकरणी आहेत, मग घर घाण कसं?"

प्रश्न चोख होता. बाईंचं उत्तरही तयार होतं. पूर्वी त्या कुरणात हातभर लांबीचे शिकारी मासे असत. आपण ते भरमसाट पकडले. त्यांचा धाक गेला म्हणून बोटाएवढे मासे बेसुमार वाढले आणि ते बोटाएवढे मासे पिसवा फस्त करू लागले. आज दिसतात त्या पिसवा पूर्वीच्या मानाने काहीच नाहीत. साफ करणारेच उरले नाहीत, म्हणून थर वाढला.

"मग दाखवा त्यांच्या पोटात," अध्यक्ष म्हणाले. "महिन्याने बैठक घेऊ. दाखवलंत तर पिंपं परत पाठवतो. नाही दाखवलंत तर दुसऱ्या दिवशी ओततो."

असा सगळा भार माशांच्या पोटांवर आला, म्हणजे पर्यायाने माझ्यावर. मला कोण आनंद झाला! मनात म्हटलं, आता आपली खरी कसोटी.

मित्रांनो, गर्वाचं घर खाली असतं म्हणतात. माझं घर तर मोरीतच होतं. पहिल्याच दिवशी काकूंनी आणलेल्या गवताच्या जुडीतून एक जिवंत खेकडा निघाला. तो थेट माझ्यात पडला आणि त्याने माझी जाळी नांगीत धरली. मामा म्हणाले, "सोड रे बाबा, ती खायची वस्तू नाही." तो काही सोडेना. शेवटी मामांनी ओढून काढला, काकूंनी टोपलीत टाकला, सगळे हसले. मीही हसले. पण जिथे जाळी कड्याला डाख देऊन जोडलेली होती तिथे, डाव्या बाजूला, कड्याच्या आतल्या वळणात, तांदळाच्या दाण्याएवढी फट पडली होती. मला ती जाणवली. मामांना दिसली नाही. मला ओरडून सांगावंसं वाटलं, पण इतकी तोंडं असून मला एकाही तोंडाने बोलता येत नाही.

आणि मामा मला नेहमी डावीकडेच कलती धरायचे.

साठ माशांची साठ पोटं माझ्यातून गेली. दर वेळी नळाची धार सुरू झाली की पिसवांची रांगच्या रांग डाव्या कडेला जमायची आणि फटीतून सुळकन खाली जायची. लगद्याचे चिकट गोळे तेवढे माझ्यात राहायचे. बाई सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसत आणि शोधत. साठ पोटांत मिळून पिसवा निघाल्या अकरा. बाईंनी तक्त्यावरचा पिसवांकडून लहान माशांकडे जाणारा बाण पाहिला आणि त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं. त्यांना माझ्यावर शंका आली नाही. आपल्या डोक्यावरच आली. मला इतकं वाईट आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

बैठकीला तीन दिवस उरले होते. अध्यक्षांचा फोन आला. बाई खोटं बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी सांगून टाकलं, "आत्तापर्यंत तरी पोटांत पिसवा जवळजवळ नाहीत." पलीकडून भोंग्याचा आवाज मोरीपर्यंत ऐकू आला, "मग पिंपांची झाकणं सैल करून ठेवतो!"

त्याच दुपारी काकू उरलेला बर्फ परत न्यायला मागच्या दाराने आल्या. आल्या त्या गटारापाशी सहा बदकं पाहून दारातच थबकल्या. मग आत येऊन त्यांनी विचारलं, "मामा, बदकं कधी पाळलीत?"

"मी कशाला पाळतोय? शेजारच्या सुताराची आहेत ती. आगाऊ कार्टी."

"त्यांना खायला काय घालता?"

"काही नाही! हाकलतो उलट."

"मग नळ सोडा बघू."

मामांनी नळ सोडला. मागच्या अंगणात एकच कलकलाट झाला. "आता बंद करा." कलकलाट थांबला. "पुन्हा सोडा." पुन्हा पळापळ. मोरीची नळी मागच्या उघड्या गटारात पडत होती आणि नळाचा आवाज आला की सहाही बदकं तिथे चोची खुपसून उभी राहत होती.

काकू म्हणाल्या, "नुसत्या पाण्यासाठी बदक धावत नाही, मामा. समोर अख्खा समुद्र पडलाय त्याला. त्या नळीतून काहीतरी चविष्ट येतंय."

बाई बाहेरच्या खोलीतून ऐकत होत्या. त्या उठल्या, इकडेतिकडे पाहिलं आणि हाताला लागली ती चहाची गाळणी घेऊन अंगणात गेल्या. मामांनी मला मोरीत धरून, नेहमीसारखी डावीकडे कलवून, बर्फात उरलेल्या एका माशाच्या पोटातला लगदा धुतला. बाईंनी गाळणी नळीखाली धरली. मग त्यांची किंकाळीच ऐकू आली. आधी मला वाटलं, बदक चावलं. पण त्या हसत होत्या. गाळणीत पिसवा होत्या. एका पोटातल्या तेवीस!

चहाची गाळणी, मित्रांनो! जिने जन्मात चहाच्या भुकटीपलीकडे काही पाहिलं नाही, तिने माझ्यावर मात केली. कानामागून आली आणि तिखट झाली, ते असं.

मामा मला घेऊन अंगणात आले आणि कितीतरी वर्षांनी त्यांनी मला उन्हासमोर धरलं. त्यांच्या तळहातावर माझ्या जाळीची सावली पडली आणि त्या सावलीच्या कडेला उजेडाचा एक लख्ख तुकडा. मामा पायरीवर बसले. मग म्हणाले, "साठ पोटं बदकांना चारली मी."

काकूंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "समुद्रातले मासे संपलेत का? उद्याच्या ओहोटीला पुन्हा आणते. मामा असून रडताय काय भाच्यासारखे!"

दुसऱ्या दिवशी काकूंनी वीस मासे आणले. माझ्या जागी मधलीखाली दुपदरी मलमल ताणून बांधली आणि मोरीच्या नळीखाली पहाऱ्याला गाळणी ठेवली. वीस पोटांतून चारशेच्या वर पिसवा निघाल्या. बाईंनी प्रश्नचिन्ह पुसलं आणि बाण चांगला ठळक केला. मामांनी त्या तक्त्यावर कोपऱ्यात एक बदक काढलं आणि पिसवांकडून त्याच्याकडेही एक बाण नेला. त्यांचं बदक जरा किटलीसारखं दिसत होतं, पण शास्त्राला धरून होतं.

आता वाटेल, संकट टळलं. पण नाही. बैठकीला मामांनी मला पिशवीत घालून नेलं, त्यामुळे पुढचं मी स्वतः पाहिलं. जाळी दुरुस्त करायच्या शेडमध्ये चाळीस-पन्नास माणसं जमली होती. कोपऱ्यात ती चार पिंपं होती. बाईंनी आकडे सांगितले. अध्यक्ष शांतपणे ऐकत होते. मग उभे राहिले.

"परवा तुम्हीच फोनवर म्हणालात, पोटं रिकामी. तीन दिवसांत भरली कशी? की तुम्हाला हवं ते नाही आलं, म्हणून हवं तसं करून आणलंत?"

शेडमध्ये हशा पिकला. बाईंचा चेहरा उतरला. त्या यंत्र, नमुना, त्रुटी असं काहीतरी समजावू लागल्या, पण कुणी ऐकेना. काकू उठणार, तेवढ्यात मामा उभे राहिले. चारचौघांत बोलायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी मला पिशवीतून काढलं. माझं कडं त्या दिवशीही चकाकत होतं, आणि मला त्या चकाकीची लाज वाटली.

"चूक बाईंची नाही. माझी आहे," मामा म्हणाले. "चाळण फाटली होती. मी बघितली नाही. पोटात होतं ते सगळं मोरीत वाहून गेलं आणि आम्ही म्हणालो, पोटात काही नव्हतंच."

शेवटच्या रांगेतून एक म्हातारे आजोबा पुढे आले. त्यांची अख्खी हयात जाळी विणण्यात गेली होती. त्यांनी मला हातात घेतलं आणि डोळे मिटून कड्यावरून अंगठा फिरवला. फटीशी अंगठा थांबला. मग त्यांनी मला दाराच्या उजेडात धरलं, अगदी तसंच, जसं इथले दोन-दोन जण मिळून प्रत्येक फेरीआधी जाळं उजेडात धरतात. ते केल्याशिवाय इथे कुणी होडी पाण्यात लोटत नाही.

"अध्यक्ष," आजोबा म्हणाले, "जाळ्याला भोक पडलं की मासा कुठे जातो?"

"बाहेर. अजून कुठे?"

"आणि आपण घरी येऊन काय सांगतो?"

अध्यक्षांनी तोंड उघडलं आणि मिटलं, अगदी माशासारखं. शेडमध्ये मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "आज समुद्रात मासाच नव्हता." आणि मग जो हशा झाला तो वेगळा होता. तो कुणाला खाली पाडणारा नव्हता. तिथल्या प्रत्येक माणसाने कधी ना कधी फाटकं जाळं टाकून समुद्राला नावं ठेवली होती. अध्यक्षांनीही. तेही हसले, आणि त्यांच्या हसण्याने शेडचे पत्रे हादरले.

त्या दिवशी दोन गोष्टी ठरल्या. पिंपं न उघडता परत जाणार. आणि त्या कुरणात हातभर माशांसाठी दोन वर्षं कुणी जाळं टाकणार नाही. दुसरी गोष्ट सोपी नव्हती, कारण तो मासा सगळ्यांनाच हवा असतो. हात एकेक करून वर आले. अध्यक्षांचा हात सगळ्यांत शेवटी आला, पण आला तो पूर्ण सरळ.

जादू काही झाली नाही. पहिल्या वर्षी फारसा फरक दिसला नाही आणि अध्यक्ष येता-जाता बाईंना ऐकवत राहिले. दुसऱ्या वर्षी मोठे मासे दिसू लागले, बोटाएवढे मासे जरा दबून वागू लागले, पिसवा वाढल्या. एका सकाळी काकूंनी एक पान आणून बाईंच्या टेबलावर ठेवलं. हिरवंगार होतं. टोपलीत खेकडेही बरे होते. खेकडे म्हटले की मी अजून जरा दचकते.

मामा त्याच वर्षी निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी बाईंनी विचारलं, "आठवण म्हणून धाकटीला घरी नेता का? सांधून, चकाचक करून देते." माझा जीव हरखला. मामांनी मला हातात घेतलं, कड्याला लिंबू लावलं नाही, नुसतं उजेडात धरलं.

"नको," ते म्हणाले. "हिला सांधू नका आणि मला देऊही नका. ही इथे लागेल."

मला आधी रडू आलं. मग समजलं. मामांनी मला कधी आपटलं नाही, कधी उन्हात टाकलं नाही, दर शनिवारी घासलं. पण घासलं ते कडं. काम करत होती ती जाळी, आणि तिच्याकडे कुणी पाहिलं नाही. इतका जीव लावूनही असं घडू शकतं, मित्रांनो, हे त्यांना नव्या मुलांना सांगायचं होतं, आणि ते माझ्याइतकं चांगलं कुणाला सांगता येणार?

ते लोखंडी कपाट आता दुसऱ्या भिंतीला गेलं आहे. मी खिडकीजवळच्या खिळ्याला टांगलेली असते. जुन्या वस्तू तुम्हाला नेहमी सांगतात, आम्हाला टाकू नका, आमची डागडुजी करा. तुमच्या घरातल्या वस्तूंची जरूर करा, आणि मनापासून करा. मला तेवढी फाटकीच राहू द्या. उद्या कुणी नवी मुलगी कामाला येईल. तिला आधी मला हातात देतील. ती मला खिडकीशी धरेल, शोधत राहील आणि मग तिच्या तळहातावर उजेडाचा तो तुकडा पडेल. मग मला खिळ्याला अडकवून ती माझ्या बहिणींकडे वळेल, आणि त्या कितीही चकचकीत असल्या तरी एकेकीला उचलून उजेडात धरेल.